हलकी सायकल, जड पिशवी: ॲक्सलवर बसणाऱ्या कॅरिअरचे चौदा महिने

रोड बाइक, म्हणजे अरुंद टायरची, वेगासाठी बनवलेली सायकल, सामान वाहण्यासाठी बनवलेली नसते आणि ती तसे लपवतही नाही. मागच्या नळ्यांवर कॅरिअर बसवण्यासाठी आटे पाडलेली भोके नसतात, टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये बोटही शिरत नाही, आणि सीटपोस्ट (सीट धरणारी उभी नळी) कार्बनचा असेल तर त्यावर काहीही आवळू नये अशी सूचना उत्पादकाने बहुधा छापलेलीच असते. तरीही अनेकांकडे एकच सायकल असते, तिच्यावरूनच रविवारी लांबची फेरी मारायची असते आणि सोमवारी कामावर जायचे असते. माझे तसेच आहे. माझी ॲल्युमिनियमची रोड बाइक पेडलसकट साडेआठ किलो भरते आणि कामावर नेण्याची माझी पिशवी, म्हणजे लॅपटॉप, चार्जर, कपड्यांचा जोड, जेवणाचा डबा, कुलूप आणि पावसाळी जाकीट हे सगळे मिळून सहा किलोच्या आसपास जाते. शर्यतीच्या सायकलींसाठी यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने 2000 सालापासून किमान वजनाची मर्यादा 6.8 किलो ठेवली आहे. त्या हिशेबाने मी रोज सायकलवर जवळजवळ दुसरी सायकल लादून निघतो.

हे ओझे नेमके कुठे ठेवायचे, या प्रश्नावर मी तीन उपाय करून पाहिले आणि चौथ्यावर थांबलो. मागच्या चाकाच्या ॲक्सलवर (मधल्या आसावर) पाय रोवणारा आणि वर सीटपोस्टच्या कॉलरला (पोस्ट फ्रेमशी आवळणाऱ्या कड्याला) धरणारा कॅरिअर हा तो चौथा उपाय. गेले चौदा महिने, जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस मी तो वापरतो आहे. याच आराखड्याचे कॅरिअर अनेक उत्पादक बनवतात आणि त्यांचे गुणदोषही बहुतांशी आराखड्यातूनच येतात, म्हणून माझ्या कॅरिअरच्या कंपनीचे नाव येथे देत नाही.

आधी फसलेल्या उपायांविषयी लिहितो, कारण कॅरिअर का आवडला हे त्यांच्याशिवाय कळणार नाही.

पाठीवरची सॅक सगळ्यात सोपी, आणि तीन किलोपर्यंत तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. किंबहुना लॅपटॉपसाठी पाठ ही फार चांगली जागा आहे, कारण खड्ड्याचा धक्का आधी हातापायांत आणि कमरेत जिरतो आणि मगच पिशवीपर्यंत पोचतो. पण रोड बाइकवर आपण पुढे वाकलेलो असतो. त्या स्थितीत सहा किलो खांद्यांवर राहत नाहीत. ते पाठीवरून मानेकडे सरकतात आणि तळहातांवर व बैठकीवर उतरतात. अर्ध्या तासाने करंगळीला मुंग्या यायला लागल्या की हिशेब कळतो. मागून येणारे वाहन पाहण्यासाठी मान वळवली तर सॅकचा वरचा काठ हेल्मेटला अडतो. घामाविषयी तर बोलायलाच नको. पोचल्यावर पाठीवर सॅकच्या आकाराचा ओला चौकोन उमटलेला असतो आणि आतला इस्त्रीचा शर्टही दमट झालेला असतो.

दुसरा उपाय म्हणजे नुसत्या सीटपोस्टला चिमट्याने धरणारा, मागे तरंगता राहणारा कॅरिअर. दिसायला तो आटोपशीर असतो, पाच मिनिटांत बसतो आणि पाच मिनिटांत निघतो. त्याच्या खोक्यावर मर्यादा लिहिलेली असते आणि माझे ओझे त्या मर्यादेच्या आत होते. परंतु मर्यादेचा आकडा ओझे उभे दाबते असे धरून वाचला जातो आणि येथे ओझे पोस्टला मागे ओढत असते. पाच किलोची पिशवी पोस्टपासून पंचवीस सेंटिमीटर मागे ठेवली की चिमट्यावर सुमारे 12 न्यूटन-मीटरचा पीळ सायकल उभी असतानाच पडतो. चाक खड्ड्यात आपटले की तो क्षणभर कित्येक पटींनी वाढतो. शिवाय गोल पोस्टवर गोल चिमटा, तेव्हा डावी-उजवीकडे फिरण्यापासून त्याला अडवणारे घर्षणाखेरीज काहीच नाही. एका सकाळी गतिरोधक ओलांडताना माझा कॅरिअर पिशवीसह वीसेक अंशांत वळला आणि पिशवीचा कोपरा उजव्या मांडीला घासू लागला. चिमटा आणखी आवळला, आत रबराची पट्टी घातली. आठवड्याने तो पुन्हा फिरला. अशा कॅरिअरवर एखादे जाकीट किंवा दोन किलोची पिशवी सुखाने जाईल, लॅपटॉप मात्र ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कार्बनच्या पोस्टवर तर तो लावूच नये.

सीटखाली लटकणाऱ्या मोठ्या पिशव्यांविषयी मला आदर आहे. इंग्लंडमधल्या लँकाशायरच्या नेल्सन गावातली कॅरडाइस ही कंपनी 1932 पासून जाड सुती कापडाच्या, कातडी पट्ट्यांच्या अशा पिशव्या शिवत आली आहे. त्या पिशव्या आडव्या, रुंद असतात आणि सीटच्या मागच्या बाजूला असलेल्या दोन कड्यांना बांधल्या जातात. अडचण अशी, की आजच्या हलक्या रोड बाइकच्या सीटला त्या कड्या बहुधा नसतातच. त्यासाठी वेगळा आधार घ्यावा लागतो. त्यातही माझ्यासारख्या मध्यम उंचीच्या माणसाची सीट टायरपासून फार वर नसते, त्यामुळे लॅपटॉप सरळ मावेल इतकी खोल पिशवी घेतली की तिचा तळ टायरवर टेकतो. लांबच्या सफरीसाठी हल्ली मिळणारी निमुळती, मागे लांब गेलेली पिशवी मी महिनाभर वापरली. कपड्यांसाठी ती उत्तम. पण चढावर उभे राहून पेडल मारले की ती शेपटीसारखी हलते, आणि चार्जर काढायचा असेल तर आधी शर्ट, मग टॉवेल, मग डबा असे सगळे रस्त्यावर मांडावे लागते.

हँडलवर सामान लटकवण्याचा विचार मी करून सोडून दिला. तेथे ब्रेक आणि गिअरच्या तारा असतात आणि दोन किलोंच्या वर गेले की हँडल वळवताना ओझे आपल्या आधी वळते.

आता मूळ वस्तूकडे येतो. कॅरिअर ॲल्युमिनियमच्या दहा मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचा आहे आणि सगळ्या जोडणीसह स्वयंपाकघरातल्या काट्यावर 540 ग्रॅम भरला. त्यावर 18 किलोची मर्यादा कोरलेली आहे. मी कधीही नऊच्या वर गेलेलो नाही आणि जाण्याची इच्छाही नाही. दोन पायांच्या टोकांना तीन मिलिमीटर जाडीच्या चपट्या पट्ट्या आहेत आणि त्यांना भोके आहेत. चाक धरून ठेवणारी, हाताने खटका फिरवून सैल-घट्ट करता येणारी क्विक रिलीजची सळई या भोकांतून आरपार जाते. वरून दोन बाहू पुढे येतात आणि सीटपोस्ट आवळणाऱ्या कॉलरला जोडले जातात. ती कॉलर कॅरिअरबरोबरच मिळते आणि तिला दोन्ही बाजूंना आटे असतात. अर्थात मूळची कॉलर काढून ही घालावी लागते आणि मागवण्यापूर्वी फ्रेमच्या नळीचा बाहेरचा व्यास मोजावा लागतो. नळी गोल नसेल, वाऱ्याला कापण्यासाठी चपटी केलेली असेल, तर हा प्रश्न येथेच संपतो. अशा फ्रेमवर हा कॅरिअर बसत नाही.

या रचनेतली शहाणपणाची गोष्ट अशी, की ओझ्याचा भार पायांवाटे सरळ ॲक्सलवर उतरतो आणि फ्रेमच्या बारीक नळ्यांना काहीही सोसावे लागत नाही. वरचे बाहू कॅरिअर पुढे-मागे कलू नये एवढेच पाहतात. म्हणूनच ज्या फ्रेमला एकही भोक नाही, तिच्यावरही नऊ किलो निश्चिंतपणे जातात. नळ्यांना पट्टीचे चिमटे आवळून कॅरिअर लावण्याची जुनी युक्ती पोलादी फ्रेमवर चालून जाते, पण कार्बनच्या पातळ नळ्यांवर असा एका जागी पडणारा दाब घातक ठरतो.

बसवताना मी एक चूक केली आणि ती इतरांनी करू नये. पायांच्या दोन पट्ट्यांमुळे मधली जाडी एकूण सहा मिलिमीटरने वाढते. त्यामुळे सायकलची मूळ सळई आखूड पडते आणि नट जेमतेम दोन-तीन आट्यांवर बसतो. निदान पाच पूर्ण फेरे आटे धरले गेले पाहिजेत. खोक्यात यासाठी लांब, पोलादी सळई दिलेली होती. पण माझी मूळची सळई तीस-चाळीस ग्रॅमने हलकी होती आणि रोड बाइकवाल्याला हलकेपणाचा जो मोह असतो, त्याला बळी पडून मी तीच ताणून बसवली. पहिल्याच चढावर मागून कुरकुर ऐकू आली. उतरून पाहिले तेव्हा डाव्या पट्टीखाली फ्रेमचा रंग खरवडून चांदीसारखी चंद्रकोर उमटली होती. त्या सळईचा खटका उघडा, प्लास्टिकच्या वॉशरवर फिरणारा होता. अशा खटक्यांची पकड आत बंदिस्त असलेल्या खटक्यापेक्षा कमी असते. संध्याकाळी लांब सळई घातली आणि कुरकुर थांबली. चंद्रकोर अजून आहे.

डिस्क ब्रेकच्या बहुतेक नव्या सायकलींना क्विक रिलीज नसते, तेथे फ्रेममध्ये आट्यांनी बसणारा 12 मिलिमीटरचा जाड थ्रू ॲक्सल असतो. त्यांच्यासाठी कॅरिअरबरोबर बदली ॲक्सल घ्यावा लागतो आणि त्याची लांबी तसेच आट्यांचे अंतर (1.0, 1.5 किंवा 1.75 मिलिमीटर) मूळ ॲक्सलशी तंतोतंत जुळले पाहिजे. अंदाजाने मागवू नये. मूळ ॲक्सल काढून त्यावर कोरलेले आकडे वाचावेत.

टाचेचा प्रश्न मला सर्वांत जास्त छळून गेला. पिशवी कॅरिअरच्या बाजूला आकड्यांनी (हुकांनी) लटकवलेली असते. लांबच्या प्रवासाच्या सायकलीत पेडल ज्याभोवती फिरतात त्या अक्षापासून मागच्या ॲक्सलपर्यंतचे अंतर 440 ते 460 मिलिमीटर असते. माझ्या सायकलीत ते 410 आहे. हे तीन ते पाच सेंटिमीटर कागदावर क्षुल्लक वाटतात, पण पेडल मागे आले की टाच नेमकी पिशवीच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यावर आपटते. पहिल्या दिवशी प्रत्येक फेऱ्याला ‘टप’ असा आवाज येत होता आणि पोचेपर्यंत मी टाचा बाहेर काढून बदकासारखा पेडल मारत होतो. यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावे लागले. पहिला, पुढची कड खाली तिरकी कापलेली पिशवी घेणे. चौकोनी खरेदीच्या पिशवीसारखी पिशवी रोड बाइकवर चालत नाही. दुसरा, पिशवीचे आकडे सरकवून ती मागे नेणे. मी चार सेंटिमीटर मागे नेली. त्याहून मागे नेण्याचा मोह आवरावा, कारण ओझे ॲक्सलच्या मागे गेले की पुढचे चाक हलके होते. एका लांब उतारावर ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे हँडल किंचित थरथरू लागले, तेव्हा हे मला अंगावर काटा येऊन समजले. वेग हळूहळू कमी केला, गुडघा वरच्या नळीला टेकवला आणि थरथर थांबली. नंतर पिशवीतली मांडणी बदलली: कुलूप आणि चार्जर पुढच्या बाजूला तळाशी, कपडे मागे. तेव्हापासून त्याच उतारावर पुन्हा तसे झालेले नाही.

मी एकच पिशवी लावतो, डाव्या बाजूला. चेन आणि गिअर उजवीकडे असल्याने पिशवीला तेल लागत नाही आणि काढ-घाल सोपी जाते. सहा किलो एका बाजूला असल्यामुळे सायकल डावीकडे ओढेल अशी भीती होती. हात सोडून चालवली तर ओढते, पण हात हँडलवर असताना दहा मिनिटांनी त्याचा विसर पडतो. खरी अडचण सायकल उभी करताना येते. स्टँड नसलेली ही सायकल भिंतीला टेकवताना पिशवीची बाजू भिंतीकडे ठेवली नाही, तर पाठ वळवण्याआधीच ती जमिनीवर आडवी होते.

चालवण्यात फरक पडतो का? पडतो. सीटवर बसून सपाट रस्त्यावर जाताना जवळजवळ काहीच जाणवत नाही. वेगही एकदा मिळाला की टिकतो. पण सिग्नल सुटल्यावर सायकल पूर्वीसारखी उसळून पुढे जात नाही, आणि चढावर उभे राहून हँडल डावी-उजवीकडे हलवायची सवय असेल तर मागचे ओझे अर्धा क्षण उशिरा येते, जणू कोणी मागे बसून आपल्या विरुद्ध बाजूला कलते आहे. मी आता चढ बसूनच, एक गिअर हलका ठेवून चढतो. ब्रेकचे अंतरही वाढते, विशेषतः ओल्या रस्त्यावर. मागच्या 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये मी पाच पीएसआय हवा जास्त भरतो. नाहीतर खड्ड्यात रिम आणि टायर यांच्यात ट्यूब चिमटली जाऊन सापाच्या दातांसारखी दोन भोके पडतात. मागच्या चाकाला चोवीसच स्पोक आहेत. दुसऱ्या महिन्यात त्यांतले दोन सैल झाले, चाक सरळ करून घेतले, पुढे त्रास झाला नाही. वीस स्पोकचे शर्यतीचे चाक असते तर मी हे धाडस केले नसते.

आता कॅरिअरचा मोठा दोष: पंक्चर. मागचे चाक काढायचे म्हणजे सळई पूर्ण बाहेर ओढायची, कारण ती पट्ट्यांच्या भोकांतून गेलेली असते. चाक निघते, पण कॅरिअरचे दोन्ही पाय मोकळे होऊन झुलू लागतात. खरी परीक्षा चाक परत घालताना होते. डावी पट्टी, फ्रेमची खाच, चाकाचा पोकळ ॲक्सल, उजवी खाच, उजवी पट्टी ही पाचही भोके एका रेषेत आणायची, चेन बोटांनी मागे धरायची आणि सळई आरपार घालायची. सळईवर दोन्ही बाजूंना एकेक इवलीशी शंकूसारखी स्प्रिंग असते. त्यांतली एक माझ्या काळवंडलेल्या बोटांतून सुटून गवतात गेली आणि संधिप्रकाशात मी ती मोबाइलच्या दिव्यात शोधत बसलो. एरवी आठ मिनिटांचे काम, त्या दिवशी पंचवीस मिनिटे लागली. आता पिशवीच्या कप्प्यात रबरी पट्टा ठेवतो. चाक काढण्याआधी कॅरिअरचे पाय त्या पट्ट्याने वर सीटला बांधले की दोन्ही हात मोकळे राहतात आणि काम बारा मिनिटांत होते. काही उत्पादकांनी पायांना खालून उघडे खाचे दिले आहेत, त्यामुळे सळई नुसती सैल केली तरी पाय सुटतात. आज पुन्हा घ्यायचा झाला तर मी तसाच घेईन.

दुसरी बारीक कटकट बोल्टची. अरुंद, कडक टायरमधून येणारी कंपने सततची असतात आणि पहिल्या तीन आठवड्यांत वरच्या बाहूंचे बोल्ट दोनदा ढिले झाले. आट्यांवर निळे थ्रेडलॉक (बोल्ट ढिले होऊ न देणारा चिकट द्रव) लावले, तेव्हापासून ते हललेले नाहीत. तरी दर सोमवारी निघण्याआधी ॲलन की फिरवून पाहतो. याच कंपनांमुळे लॅपटॉप पिशवीत कधीही तळाला टेकवून ठेवू नये. मी तो फोमच्या पाकिटात घालून वरच्या पट्टीला लटकवतो, तळापासून चार बोटे उंच. खाली टॉवेलची घडी असते. डबा मात्र झाकण कितीही घट्ट असले तरी उभाच ठेवावा. आडवा ठेवण्याचा प्रयोग मी एकदा केला आणि त्या दिवशीची कागदपत्रे अजून पिवळी आहेत.

पिशवी कॅरिअरवरून एका हाताने, एका सेकंदात निघते हे खरे, पण ती हातात घेऊन जिने चढताना तिचे मागचे आकडे पायाला टोचतात. खांद्याचा पट्टा असलेलीच पिशवी घ्यावी. पावसात वरच्या बाजूने गुंडाळून बंद होणारी, शिवणीऐवजी वितळवून जोडलेली पिशवी आतून कोरडी राहते. माझी तशी आहे आणि संततधार पावसातही आतला शर्ट सुका निघाला. कॅरिअरचा वरचा भाग जाळीचा असल्याने तो मडगार्डचे काम करत नाही आणि मागच्या चाकाचे पाणी पाठीवर उडते. मी त्यावर कापलेली प्लास्टिकची फाइल दोन केबल टायने बांधली आहे. सुंदर दिसत नाही.

कॅरिअर रविवारी काढता येतो का, असे मला विचारले जाते. येतो, दहा मिनिटे लागतात. पण पहिल्या दोन महिन्यांनंतर मी ते सोडून दिले. अर्धा किलो मागे घेऊन फिरणे परवडले. ओझे कमी करण्याचा खरा मार्ग दुसराच निघाला: कामाच्या ठिकाणी दुसरा चार्जर, बुटांचा जोड आणि जड कुलूप कायमचे ठेवले, तेव्हा सहा किलोंचे साडेतीन झाले. तेवढ्यासाठी सॅक पुरली असती हे मी मान्य करतो, पण कोरड्या पाठीची सवय लागली आहे.

ज्यांचे रोजचे ओझे चार ते नऊ किलो आहे, फ्रेमला भोके नाहीत, सीटची नळी गोल आहे आणि मागच्या चाकाला निदान चोवीस स्पोक आहेत, त्यांनी हा प्रकार निःशंक घ्यावा. तीन किलोच्या आत असाल तर घेऊ नका. पायाचा नंबर दहाच्या पुढे असेल तर आधी कोणाच्या तरी कॅरिअरवर पिशवी लावून टाच कुठे येते ते पाहा. फ्रेम पूर्ण कार्बनची असेल तर तिच्या उत्पादकाला ॲक्सलवरचा कॅरिअर मान्य आहे का, हे आधी लेखी विचारा.

राहता राहिला दिवा. सीटपोस्टवर लावलेला मागचा लाल दिवा पिशवीमुळे बाजूने झाकला जातो, आणि हे मला मागून येणाऱ्या सहकाऱ्याने सांगेपर्यंत ठाऊक नव्हते. कॅरिअरच्या शेपटाला दिव्यासाठी 50 मिलिमीटर अंतरावर दोन भोके आहेत, ती याचसाठी. पण बॅटरीचे दिवे बहुधा रबरी पट्ट्याने गोल नळीवर बांधायचे असतात, त्या भोकांवर ते थेट बसत नाहीत; मधला छोटा कंस मला वेगळा मागवावा लागला आणि तो येईपर्यंत नऊ दिवस मी दिवा पिशवीच्या पट्ट्याला अडकवून फिरलो. एवढ्या विचारपूर्वक केलेल्या वस्तूच्या खोक्यात तेवढा कंस असायला हरकत नव्हती.